बर्फावर रोवलेला तंबू

मी तंबू बोलतोय. मध्ये बोलू नका. माझ्याकडे फार वेळ नाही.

माझा जन्म मारातून झाला. एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये जाड कापडाची थप्पी टेबलावर पडली होती. त्यातून विजेवर चालणारं पातं फिरलं आणि माझ्या भिंती वेगळ्या झाल्या. मग सुया. दुहेरी शिवण, प्रत्येक टाका आरपार. कोपऱ्यांना पितळी कड्या बसवल्या, हातोड्याच्या घावानं. छताला गोल भोक पाडलं, शेगडीचं धुराडं बाहेर जावं म्हणून. शेवटी अंगावर गरम मेण ओतून घासलं.

मी कुरकुरलो नाही. सोसलं ते कामाला आलं. नाजूक शिवलेले तंबू पहिल्या वादळात फाटतात.

दुकानात मला मधोमध उभं केलं. तिथं मी माणसं पाहिली. कडाक्याच्या थंडीत मासे धरायला जाणारी माणसं तंबू निवडायला येतात आणि आधी रंग बघतात. मग खिसे किती, खिडक्या किती, ते विचारतात. बायको हळूच म्हणते, "फोटोत हा बरा दिसेल." आत जाऊन आडवं पडून बघायची बहुतेकांना लाज वाटते.

कोणी विचारत नाही की श्वासाची वाफ जाणार कुठून. ती कापडाला लागते, गोठते आणि सकाळी तोंडावर बर्फ होऊन पडते. म्हणून वर झरोका हवा, आणि शेगडी पेटलेली असताना तो कधीही बंद करू नये. खालच्या कडेला जमिनीवर लोळणारा पदर हवा. त्यावर बर्फ लोटला की वारा आत शिरत नाही. पोटात दोघांचं अंथरूण, शेगडी आणि ओले बूट मावावेत, त्याहून मोठा तंबू घेऊ नये. मोठ्या तंबूत ऊब हरवते.

हे सगळं माझ्यात होतं. मी ताठ उभा होतो.

एके दिवशी दोघं आले. एक नावा दुरुस्त करणारा मिस्त्री, रुंद खांद्यांचा, शब्द मोजून वापरणारा. दुसरा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो औषधांच्या दुकानात कामाला होता. गोड बोलायचा. त्याच्या बोलण्यावर दुकानदारही हसला.

जावई थेट माझ्यात शिरला आणि बुटांसकट आडवा झाला.

"दादा, हाच घ्या! ही तर सासुरवाडी झाली. नुसतं लोळायचं, आयतं जेवायचं."

"जेवण तुम्ही करायचं, जावईबापू."

"मी? मला चहासुद्धा धड जमत नाही. विचारा चिमीला."

"विचारलंय चिमीला," मिस्त्री म्हणाला. "बरंच काही विचारलंय."

दुकानदारानं आत कंदील लावून दाखवला. "बाहेर या, बघा. आत एवढा उजेड आहे, पण बाहेर सावलीसुद्धा दिसत नाही. कापड आहे हे! आवाजही आतल्या आत."

मिस्त्रीनं माझ्याभोवती एक फेरी मारली. भिंतीवर तळहात दाबून पाहिला. "हाच द्या," म्हणाला.

जावयानं मला आरामासाठी पसंत केलं. मिस्त्रीनं कशासाठी केलं ते मला तेव्हा कळलं नाही. कापडाची तारीफ झाली म्हणून मी फुशारलो होतो.

जायच्या आधी मिस्त्रीनं मला त्याच्या कारखान्यात उभं केलं. शहाणा माणूस नवा तंबू आधी घरी लावून बघतो. उलट्या घातलेल्या नावांच्या मध्ये मी उभा होतो. हवेत डांबराचा वास होता. तिथं त्याची बहीण आली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ती माझ्या आत येऊन बसली, जमिनीवर.

"त्यांना कशाला नेतोस?" तिनं विचारलं.

"मासे धरायला."

"दादा."

"मासे धरायला म्हटलं ना!"

"तू त्यांना मारशील. तुझं मन शांत होईल आणि तू तुझ्या घरी जाशील. मग ते त्यांच्या घरी येतील. तिथं मी असेन."

मिस्त्री दोराला पीळ देत राहिला.

"माझ्याबरोबर चौकीत चल," ती म्हणाली. "मी तक्रार देते. तू नुसता शेजारी उभा राहा. मला एकटीला जाववत नाही. एवढंच मागते."

"घरातलं चौकीत न्यायचं? लोकांनी विचारलं तर काय सांगू? मी मेलोय का, चिमे?"

"तू मेलास असं कोण म्हणतंय?"

"मग गप्प बैस. पुन्हा हात उचलायचा नाही तो. माझी जबाबदारी."

ती उठली. जाताना डाव्या हातानं तिनं माझ्या दाराचा पडदा बाजूला केला. भाऊ मदतीला धावला, तर म्हणाली, "राहू दे, सवय झालीय."

तलाव पार गोठलेला होता. मिस्त्रीची तंबू ठोकायची रीत वेगळी होती. बर्फात खुंटी ठोकली की बर्फ तडकतो. म्हणून तो गिरमिटानं भोक पाडायचा, त्यात खुंटी उभी करायचा आणि वरून पाणी ओतायचा. बघता बघता पाणी दगड व्हायचं. मग हत्ती आला तरी ती खुंटी निघत नाही. माझ्या चारी बाजूंचे दोर त्यानं असे जखडले.

"तिकडे ओढ्याच्या तोंडाला जायचं नाही," त्यानं जावयाला बजावलं. "खालून पाणी वाहतं. वरचा बर्फ पापडासारखा."

"बरं बाबा. तुम्ही म्हणाल तिथं बसतो. मी काय, पडलो जावई."

सकाळी बर्फाला भोकं पाडून सोडलेल्या गळांना मासे लागले. मिस्त्री मासा वर काढायचा, लाकडी दांडक्याचा एकच फटका डोक्यावर मारायचा आणि बाजूला ठेवायचा. जावयाला ते जमलं नाही असं नाही. त्याला ते आवडलं. तो एका माशावर पाच-सहा फटके मारायचा. मिस्त्री ते बघत होता.

दुपारी वारा सुटला. बर्फाचा भुगा आडवा उडू लागला आणि किनारा दिसेनासा झाला. दोघं आत आले. जावयानं बूट काढून पाय शेगडीकडे केले. मिस्त्रीनं दाराच्या दोऱ्या आतून ओवल्या आणि एकेक गाठ आवळली.

"एवढ्या गाठी कशाला, दादा?"

"चिमीचा हात कसा मोडला?"

"जिन्यावरून पडली की. तिनंच सांगितलं ना तुम्हाला."

"तिनं तेच सांगितलं. आता तुम्ही सांगा."

"हे बघा, नवरा-बायकोत भांड्याला भांडं..."

पहिला ठोसा तोंडावर बसला. जावयाचा दात तुटून माझ्या भिंतीवर आपटला. दुसरा ठोसा छातीत, तिसरा पोटात. मिस्त्री शिवी देत नव्हता, ओरडत नव्हता. लाकूड तासावं तसा मारत होता. प्रत्येक ठोशाबरोबर एकच शब्द: "कसा?" पुन्हा ठोसा. "कसा?"

"पिरगळला!" जावई किंचाळला. "पिरगळला मी! उलट बोलली म्हणून!"

मला वाटलं, आता थांबेल. थांबला नाही. उत्तर मिळाल्यावर तो जास्तच पेटला. मी त्याची बाजू घेणार नाही. मी कापड आहे, मला मार कळतो. तो मार बहिणीसाठी सुरू झाला होता, पण त्या घटकेला बहीण त्याच्या डोक्यात नव्हती.

जावयाच्या हाताला किटली लागली. त्यानं उकळतं पाणी मिस्त्रीच्या मानेवर फेकलं. मिस्त्री पहिल्यांदाच ओरडला आणि शेगडीवर कोसळला. धुराडं निखळलं. निखारे माझ्या पदरावर सांडले आणि पदर जळू लागला. धुरानं आतलं काही दिसेना. जावयानं मासे चिरायची सुरी उचलली. मला वाटलं, आता मिस्त्री संपला. पण सुरी माझ्यात घुसली, खांद्यापासून खालपर्यंत. त्या चिरेतून तो बाहेर पडला आणि नुसत्या मोज्यांवर पळत सुटला.

बर्फाच्या भुग्यात त्याला दिशा कळली नाही. तो ओढ्याच्या तोंडाकडे पळाला.

आवाज छोटाच झाला. काचेचं ताट फुटावं तसा. मग किंकाळी.

मिस्त्री चिरेतून बाहेर आला. मान भाजलेली, एक डोळा सुजलेला. तो उभा राहिला, हात खाली सोडून. भुगा क्षणभर विरळ झाला की समोर दिसायचं: काळं पाणी, आणि कडेला धरायला बघणारे दोन हात. धरलेली कड मोडायची. पुन्हा धरायचे, पुन्हा मोडायची.

"दादा! दोर टाका! दादा!"

आसपास कोणी नव्हतं. जावई मरायला मिस्त्रीला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं उभं राहिलं की पुरे.

तो किती वेळ उभा होता ते मी सांगणार नाही. उभा होता, हे खरं आहे.

मग त्यानं कुऱ्हाड उचलली. सामान ओढून आणलेल्या घसरगाडीचा दोर तोकडा होता. माझ्या खुंट्या निघणाऱ्या नव्हत्या आणि गाठी गोठल्या होत्या. त्यानं माझे दोर मुळाशी तोडले. एकेका घावाला माझी एकेक बाजू गेली आणि मी बर्फावर लोळलो. जळता पदर बर्फात विझला. दोरांना दोर जोडून तो पोटावर सरपटत गेला. जावयाला त्यानं ओढून काढलं, शिव्या देत. आता मात्र शिव्या देत. कपडे फाडून काढले, मला त्याच्याभोवती गुंडाळलं आणि गाडीवर टाकून किनाऱ्यापर्यंत ओढत नेलं. मी भिजलो, रक्तानं माखलो. पण तो माझ्यात गोठला नाही. माझं काम मी केलं.

जावयाला इस्पितळात दाखल केलं. मिस्त्रीनं मला कारखान्यात आणून टाकलं. बहीण तिथंच वाट बघत होती. तिनं त्याची मान पाहिली, मग मला पाहिलं.

"जिवंत आहेत?"

"आहे. पायाची बोटं जातील म्हणतात."

"वर कशाला काढलंस?"

 मिस्त्री नावेला टेकून खाली बसला.

इस्पितळातून जावयाचा फोन आला तेव्हा तिनं आवाज मोठा करून फोन नावेच्या पाठीवर ठेवला.

"काय गं, रुसलीस?" जावयाचा आवाज तसाच गोड होता, नुसता बोबडा झालेला. "अगं ये बाई आता घरी. माझ्या पायाला पट्ट्या कोण बांधणार? डॉक्टर विचारतायत, मार कोणी दिला. मी दादाचं नाव कुठं घेतलंय अजून?"

फोन बंद झाला. मिस्त्री म्हणाला, "त्या हरामखोराला मी..."

"काय करशील?" ती म्हणाली. "अजून मारशील? तू मारलंस, आणि आता तुझंच नाव घेऊन तो मला दावणीला बांधतोय."

इतकी वर्षं ती नवऱ्याला 'ते' म्हणत होती. त्या दिवशी 'तो' म्हणाली.

"जाकीट घाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"चौकीत. त्यानं काय केलं ते मी सांगते. तू काय केलंस ते तू सांग. सगळं. मग त्याच्या हातात धरायला काही उरत नाही."

"मला आत टाकतील, चिमे."

"टाकतील."

 मिस्त्रीनं आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नसावी. मग त्यानं खुंटीवरचं जाकीट काढलं. भाजलेल्या मानेवर कॉलर घासली तेव्हा त्यानं दात आवळले. बहिणीनं कॉलर नीट केली. दोघं बाहेर पडले, ती पुढं आणि तो मागं.

पोलीस मला पुरावा म्हणून घेऊन गेले. ओला असतानाच माझी घडी घातली, सुतळीनं बांधलं आणि चिठ्ठी लावून एका खोलीत कोंबलं. शेजारी एक मोडकी सायकल आणि कोणाच्या तरी घरची पहार होती. ओल आत मुरली. काळी बुरशी चढली. उंदरांनी माझा झरोका कुरतडला.

खटला चालला. जावयाला शिक्षा झाली. मिस्त्रीलाही झाली, थोडी कमी. चिमीचा हात थोडा वाकडा जुळला, असं शिपाई एकमेकांत बोलत होते. ती आता कारखाना चालवते आणि नावांना डांबर लावते, डाव्या हातानं.

काल ती इथं आली होती. शिपायानं मला उलगडलं. "बाई, भाऊ सुटेपर्यंत हे सामान तुमच्याच नावावर. न्यायचं का? ठिगळ लावलं तर अजून कामाला येईल."

तिनं चिरेत हात घातला. डाग पाहिले. जळका पदर पाहिला.

"नको," म्हणाली. "जाळून टाका."

मला राग आला नाही. माझ्या पोटात जे घडलं ते तिच्यासाठी घडलं असं दोन पुरुष म्हणतील, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. आता तिला विचारलं, तिनं सांगितलं. ठीक आहे.

उद्या मला मागच्या आवारात नेणार आहेत. तुमच्यापैकी कोणी तिथं असेल तर एक काम करा. दोर तोडले तेव्हा मी आडवा पडलो तो पुन्हा उभा राहिलो नाही. कुठून तरी चार दोर आणा, चार खुंट्या ठोका आणि मला उभं करा. मग काडी ओढा.