जुन्या डिस्कवरची स्थळं

कोपरीहून आलेल्या बाईंनी मंडळाचं पत्र टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आमच्या ह्यांना अजून किती मुली दाखवणार आहात, तेवढं सांगा. म्हणजे मी त्या हिशोबाने पोळ्या लाटीन."

सुमतीबाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. बाईंच्या यजमानांना, म्हणजे पोपटरावांना, तीन अनुरूप स्थळं सुचवली होती. पोपटरावांना दोन मुलं होती आणि थोरला शाळेत जात होता. सुमतीबाईंनी माफी मागितली, चहा दिला, आणि बाई जिना उतरल्यावर जयाकडे पाहिलं. जयाने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

डोंबिवलीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत सुमतीबाई वधूवर सूचक मंडळ चालवत. मंडळात कॉम्प्युटर आला तो नव्वद साली. त्याच वर्षी जयाच्या वडिलांनी तिचं नाव नोंदवलं. तीन वर्षं बघण्याचे कार्यक्रम झाले, कुठेच जमलं नाही, आणि मग सुमतीबाईंनी तिला मंडळातच कामाला ठेवून घेतलं. पुढे नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा लग्न न ठरलेल्यांची नावं जयाने त्यात पुन्हा टाइप केली. स्वतःचं तेवढं केलं नाही. सुमतीबाईंनीही विचारलं नाही.

जुना कॉम्प्युटर बंद पडला तरी त्यातली हार्ड डिस्क सुमतीबाईंना टाकवेना. आपण जुळवलेली सगळी लग्नं तिच्यात आहेत, ती नव्या मशीनमध्ये बसवा, असा त्यांनी दुरुस्तीवाल्या मधूकडे हट्ट धरला. मधूने बसवली. एकेकटी कुठलीही डिस्क चालायची, दोन्ही जोडल्या की मशीन सुरूच होईना. शेवटी जुनी पहिली आणि नवी दुसरी असं केल्यावर दोघींचं जमलं.

"ज्येष्ठ आहे, तिलाच पहिला मान असू दे," सुमतीबाई म्हणाल्या होत्या.

पत्रं छापणारा प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवरचीच नावं उचलतो, हे मधूच्या ध्यानात आलं नाही. जया आईच्या आजारपणामुळे दोन दिवस घरी होती. सुमतीबाईंनी मोठ्या उत्साहात स्वतःच बटण दाबलं आणि मुलांकडच्या सगळ्यांना पत्रं धाडली.

आठवडाभर फोन वाजत राहिला. श्रीपाद नावाच्या गृहस्थांना त्यांचीच बायको सुचवली गेली होती, माहेरच्या नावाने. ते लग्न मंडळानेच जुळवलेलं. बायकोने उलट टपाली कळवलं, की त्या वेळी घाई झाली, या खेपेला मुलाची नीट चौकशी करून मग सांगते.

शनिवारी हरिहर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पत्र. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. बहिणींची लग्नं, मग वडिलांचं अंथरूण, यात त्यांनी मंडळातून नाव काढून घेतलं होतं, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. ते उभ्या उभ्याच जयाला म्हणाले, की पत्र आलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे, मी एक्केचाळीसचा. हे काही योग्य नाही.

"माझा नकार तेवढा कळवा, मॅडम. पण नीट सांगा. तिच्यात काही कमी आहे असं वाटायला नको तिला."

जयाने पत्र हातात घेतलं. नकार तिने पुष्कळ ऐकले होते. इतक्या काळजीने दिलेला हा पहिलाच.

"मुलगी आता छत्तीसची आहे," ती म्हणाली. "डिस्क जुनी आहे. मुलगी मीच."

हरिहरांनी पत्राकडे पाहिलं, मग जयाकडे. स्वयंपाकघराच्या दारात सुमतीबाई उभ्या होत्या. एवढी लग्नं जुळवलेल्या त्या बाई या घडीला आत जाऊन चहाचं आधण ठेवू लागल्या.

"मग हा नकार," हरिहर चाचरत म्हणाले, "परत घेता येतो का?"

"तसा नियम काही नाहीये," जया म्हणाली. "बसा ना."

ते बसले. जयाने कीबोर्डवर कापड घातलं आणि ती टेबलामागून उठली. समोर उमेदवारांसाठी दोन वेताच्या खुर्च्या होत्या. दुसरीवरचा पाकिटांचा गठ्ठा तिने उचलून खाली ठेवला, साडी सारखी केली आणि ती तिथे बसली.