अर्ज ऐकून मग अंगठा

केजच्या तहसील कचेरीसमोर सोमेश्वर मुळे बावीस वर्षं टायपिंग करत होते. रेशनकार्ड असो की फेरफार, माणसाचं सांगून होईपर्यंत त्यांचा कागद तयार असायचा. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. सोमेश्वरनी टपरीला कुलूप लावलं आणि घरात बसून राहिले. बोटांना सगळी अक्षरं पाठ होती, पण टाइप केलेलं बरोबर आहे का, हे कोण बघणार?

त्यांची मुलगी योगिता अंबाजोगाईला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. दिवाळीला आली तेव्हा तिनं वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम घातला.

"अप्पा, हे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवतं."

"केवढ्याला घेतलंस?"

"फुकट हाय. न दिसणाऱ्या लोकांनीच मिळून बनवलंय. कसं बनवलं तेही उघडं ठेवलंय. कुणीही बघावं, दुरुस्त करावं."

सोमेश्वरनी स्वतःचं नाव टाइप केलं. यंत्र म्हणालं, "सोमेश्वर मुले."

पुन्हा केलं. पुन्हा "मुले."

ते खुर्ची मागं सारून उठले. "काळेचा काले करील हे. माझं चुकलं का याचं चुकलं, मला कसं कळावं? अर्जात असं चालत न्हाई."

"मग आपण दुरुस्त करून घेऊ."

"आपलं कोणती कंपनी ऐकती?"

"याला कंपनीच न्हाई, अप्पा. माणसं हायेत. त्यांना लिहू."

पुढचे चार दिवस बाप सांगत होता आणि लेक लिहून घेत होती. वेळ आणि वेल. गाळ आणि गाल. काळ आणि काल. एकशे बारा शब्द झाले. ते सगळे सोमेश्वरनी स्वतः म्हणून दाखवले, योगितानं आवाज भरून घेतला आणि पाठवून दिला.

तीन आठवडे काही आलं नाही. सोमेश्वरनी विचारायचंही सोडलं. मग एका दुपारी योगिताचा फोन आला. प्रोग्राम बनवणाऱ्यांतल्या केरळच्या एका मुलीनं उत्तर दिलं होतं. तिच्या भाषेतही हे अक्षर होतं, त्यामुळे चूक कुठं आहे ते तिला लगेच सापडलं होतं. दुरुस्त केलेला प्रोग्राम घालायला फोनवर योगिता सांगत गेली आणि तिची आई, वनमालाबाई, एकेक बटण दाबत गेल्या.

"सोमेश्वर मुळे," यंत्र म्हणालं.

"आवं, बरोबर म्हणलं की!" वनमालाबाई ओरडल्या. सोमेश्वरनी ते तीनदा म्हणवून घेतलं.

सोमवारी कॉम्प्युटर नेऊन त्यांनी टपरी उघडली. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. सोमेश्वरांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा बघून लोक पुढच्या टपरीवर जात होते. तिसऱ्या दिवशी मेंढरं राखणाऱ्या छबुबाई आल्या. जनावरांच्या डॉक्टरनं वस्तीवर येऊन लस द्यावी, असा अर्ज त्यांना करायचा होता. त्यांनी सांगितलं, सोमेश्वरनी टाइप केलं आणि तपासायला म्हणून बटण दाबलं.

यंत्र वाचू लागलं. "माझ्याकडे चाळीस मेंढ्या असून त्या आजारी आहेत..."

छबुबाई दचकल्या. "ह्ये कोण बोलतंय?"

"तुमचाच अर्ज हाय तो."

"पुन्ना लावा बरं."

पदर कानामागं सारून त्यांनी सगळा अर्ज ऐकला. मग म्हणाल्या, "भाऊ, नुसत्या आजारी न्हाईत. तीन मेल्यात. त्ये लिवा. आन् शेळ्या ऱ्हायल्या."

सोमेश्वरनी ते घातलं, पुन्हा ऐकवलं. छबुबाईंनी मान डोलावली.

"लई अंगठे दिले आजवर," त्या म्हणाल्या. "आत काय लिवलंय, त्ये आज कळलं."

डोळे होते तेव्हा सोमेश्वरनी हजारो कागद लिहिले होते. एकही कुणाला वाचून दाखवला नव्हता. कुणी मागितलं नव्हतं आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी अर्ज छापून काढला आणि शाईचा पॅड चाचपून पुढं केला. छबुबाईंनी अंगठा लावला आणि कागद घेऊन त्या ताठ चालीनं कचेरीत गेल्या.

पलीकडच्या टपरीवर थांबलेला एक म्हातारा हे बघत होता. तो काठी टेकत इकडं आला.

"माझाबी असाच ऐकवाल का, साहेब?"

"बसा," सोमेश्वर म्हणाले. "नाव सांगा."