सातवी ताटली

काकूंनी ताटली उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि तिचा तळ थेट नाकापाशी नेला.

"वास कसला घेताय, काकू?" जुन्या वस्तूंचा दुकानदार हसला.

"अंगठा शोधतेय."

अंगठा होता. काठाजवळ पुसट निळा ठसा आणि त्यात जुन्या जखमेची तिरकी रेघ. काकूंचा चेहरा फुलला.

निळ्या शाईत छापलेला पातळ कागद ताटलीवर दाबून बसवायचा, मग कागद धुऊन काढायचा की नक्षी मागे राहते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुठल्याशा कारखान्यात बायका दिवसभर हेच करायच्या. कागदाच्या कडा जुळतात तिथे सांधा दिसतोच. पण या अंगठेवालीचा सांधा कुणी शोधून दाखवावा! कधी झाडाच्या बुंध्यात, कधी होडीच्या शिडात तो गडप झालेला असायचा. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेल्या काकू घरातल्या तिच्याच अंगठ्याच्या सहा ताटल्यांपुढे अक्षरशः हात जोडायच्या.

ही सातवी. काकूंनी ती सुलटी केली. सांधा पुलाच्या मधोमध आला होता. अर्धा पूल वर, अर्धा खाली. चालत येणारा थेट नदीतच पडायचा.

"आई, ही बिघडलेली आहे," सून म्हणाली. "आणि चला आता, टेलर दुपारी दुकान बंद करतो."

सुनेच्या पिशवीत नातीच्या फ्रॉकचं कापड होतं. हात थरथरायला लागल्यापासून काकूंनी यंत्राला हात लावला नव्हता. आजीनेच शिवायचा म्हणून नातीने घर डोक्यावर घेतलं, तरी त्या बधल्या नाहीत. नावाजलेल्या हाताने वाकडं शिवायचं, या कल्पनेनेच त्यांना रडू यायचं.

"दुसरीच कुणी असेल, काकू," दुकानदार म्हणाला.

"दुसरी कुठली? तीच आहे. म्हातारी झालीय." काकूंनी सांध्यावरून कापरं बोट फिरवलं. "हात ऐकेना, तरी कामाला बसली बघ. पूल चुकला, पण कागदाला एक सुरकुती पडू दिली नाही पठ्ठीनं!"

काकूंनी ताटली गल्ल्यावर ठेवली.

"बांध ही," त्या दुकानदाराला म्हणाल्या. मग सुनेपुढे हात केला. "आणि तू ते कापड इकडे दे. शिवण जरा वाकडी येईल, सांग तिला."