नवव्या भागाचे दोन तुकडे

माडखारच्या वाचनालयात पुस्तकं विषयावर लावलेली नव्हती, लेखकावर नव्हती, नावावरही नव्हती. ती भांडणावर लावलेली होती. पूर्वेच्या भिंतीला अण्णा माडखारकरांचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला तात्या माडखारकरांचं. दोघे सख्खे चुलतभाऊ, दोघांच्या सुपारीच्या वाड्या एकाच बांधाला लागून, आणि त्या बांधावरच्या विहिरीपायी दोघांत कित्येक वर्षं बोलणं बंद. वाटणीत आलेली पुस्तकं आधी तात्यांनी वाचनालयाला दिली. ते कळताच अण्णांनीही दिली, आणि वर कपाटाला पितळी मुठी लावून दिल्या. अण्णांच्या बाजूची माणसं पूर्वेच्या बाकावर बसत, तात्यांची पश्चिमेच्या. मधला बाक मांजराचा.

या वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणजे सदू. दोनदा मॅट्रिकला बसून दोनदा आपटलेला, तिशीकडे झुकलेला, पण पुस्तकांचा वास आला की हरखून जाणारा माणूस. मित्राच्या लग्नाला म्हणून तो बडोद्याला गेला, तिथलं मोठं ग्रंथालय पाहिलं आणि लग्न आटोपल्यावरही परत येईना. तिथे ग्रंथालयाच्या कामाचा वर्ग चाले, त्यात त्याने नाव घातलं. चार महिन्यांनी रेवसच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक, कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आणि दांडी घातलेला एक लांबट लाकडी खण होता. खण पाहून बायको वेणूला वाटलं, नवऱ्याने बडोद्याहून आपल्याला दागिन्यांची पेटी आणली. तिने मोठ्या आशेने तो ओढला, आत बघितलं, आणि तशीच उठून चुलीकडे गेली.

"अगं, हीच तर गंमत आहे!" सदू तिच्या मागे मागे. "एका पुस्तकाची तीन कार्डं करायची. लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक. माणूस कुठल्याही दाराने आला तरी पुस्तकापाशी पोचलाच पाहिजे."

"आणि पुस्तकाला एकच दार ठेवलं तर काय चोर येतात?" वेणूने विचारलं.

अंगात विद्या भिनलेली आणि हात रिकामे. दुसऱ्याच दिवशी वेणू नदीवर धुणं घेऊन गेली असताना सदूने घरची फळी वर्गवारीने लावून टाकली. संध्याकाळी आमटी ढवळता ढवळता वेणूचा आवाज आला, "अहो, मीठ कुठे गेलं?"

"खनिजांत. कंदिलाच्या रॉकेलशेजारी."

"आणि हिंग?"

"औषधांत."

"जिरं?"

सदू जरा घुटमळला. "जिऱ्याचा निर्णय व्हायचा आहे. ते मसाल्यातही जातं, औषधातही जातं. बडोद्याचे गुरुजी म्हणत, संशय आला तर वस्तूलाच विचारावं, तू मुख्यतः कशासाठी आहेस?"

"मी विचारते तुम्हाला तेच," वेणू म्हणाली. त्या रात्री आमटी अळणी झाली आणि सकाळी फळी पुन्हा पहिल्यासारखी. सदूने ओळखलं, विद्या चालवायची तर वाचनालयातच.

संधीही चालून आली. विहिरीच्या दाव्याची तारीख लागली आणि अण्णा व तात्या आपापल्या साक्षीदारांसह, आपापल्या बैलांच्या दमणीत बसून अलिबागेला गेले. वाचनालय ओस पडलं. सदूने धोतर खोचलं, दोन्ही कपाटं उघडली आणि सगळी पुस्तकं मधल्या बाकावर आणून ओतली. मांजर रागावून निघून गेलं.

दोन दिवस तो कार्डं लिहीत होता. इतिहास, धर्म, वैद्यक, शेतकी, काव्य, कादंबरी. लिहिलेली कार्डं तो अक्षरवार खणात लावत गेला, आणि 'व'पाशी येऊन त्याचा हात थांबला. 'वीरभद्र आणि कमळगुहा, भाग दुसरा' हे तात्यांच्या कपाटातलं कार्ड 'वीरभद्र आणि कमळगुहा, भाग पहिला' या अण्णांच्या कपाटातल्या कार्डामागे अलगद जाऊन बसलं होतं. तिसरा अण्णांचा, चौथा तात्यांचा. पाचवा, सहावा, सातवा, आठवा तसेच, आळीपाळीने.

सदूला खुदकन हसू आलं. वाटणीच्या वेळच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. पंचांनी तांबे, पातेली, पाट एक इकडे एक तिकडे असे वाटले होते. तशीच ही कादंबरीही वाटली. त्याआधी माडखारकरांच्या थोरल्या आजोबांनी ती कुलपात ठेवलेली, कारण कादंबऱ्यांनी पोरं बिघडतात असा त्यांचा ठाम समज. म्हणजे उभ्या माडखारात ही कादंबरी सलग कोणी वाचलीच नव्हती! पूर्वेच्या बाकाला ठाऊक होतं की वीरभद्र मगरीच्या विहिरीत पडला आणि मग एकदम बोहल्यावर उभा राहिला. पश्चिमेच्या बाकाला ठाऊक होतं की त्याला दोन बायका आहेत, पण पहिली कोणती, यावर तिथे वाद होता.

नववा भाग अण्णांच्या पुस्तकांत होता, पण फारच बारीक वाटत होता. त्याची मागची शिवण उघडी होती. सदूला त्याचं नवल वाटलं नाही, जुनी पुस्तकं अशी असतातच. त्याने नऊही भाग एका ओळीत उभे केले आणि दोन पावलं मागे सरून ती ओळ डोळे भरून पाहिली.

अण्णा परत आले ते थेट वाचनालयात. तारीख पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे आधीच डोकं तापलेलं. दारातच थबकले.

"माझं कपाट कुठंय?"

"आहे की अण्णा, तेच. आता त्यात इतिहास आणि धर्म—"

"आणि ही कोणाची?"

"काही आपली, काही तात्यांची. विषयवार लावलीत."

"म्हणजे माझी पुस्तकं त्याच्या पुस्तकांना चिकटवलीस?" अण्णांचा आवाज पार देवळापर्यंत गेला. तेवढ्यात तात्याही पोचले, आणि तेही तेच बोलले, फक्त 'माझी' आणि 'त्याची' यांची अदलाबदल करून. दोघे एकमेकांकडे पाहत नव्हते. सगळं सदूच्या अंगावर येत होतं.

"उद्या सकाळी होतं तसं पाहिजे," तात्या म्हणाले.

"उद्या कशाला, आत्ता!" अण्णा म्हणाले, आणि स्वतःच पुढे होऊन आपली पुस्तकं उपसू लागले. वीरभद्राचा पहिला भाग काढला. तिसरा काढायला हात घातला तो चुकून दुसऱ्यावर पडला. ते पुस्तक त्यांनी उघडलं, एक पान वाचलं, दुसरं वाचलं. हळूहळू बाकावर टेकले.

"मगरीच्या पाठीवर उभा राहिला होय!" अण्णा स्वतःशीच पुटपुटले. "तरीच."

तात्यांची मान वळली नाही, पण डोळे वळले.

"अण्णा, घरी न्यायचंय का?" सदूने हळूच विचारलं. "एका वेळी एक भाग, असा नियम आहे."

"मी तपासायला नेतोय," अण्णा गरजले. "वाचायला नाही."

ते दिसेनासे होताच तात्या म्हणाले, "पहिला भाग जरा दे. तपासायला."

कपाटं पूर्ववत करण्याचा विषय त्यानंतर पुढे पुढेच जाऊ लागला, दाव्याच्या तारखेसारखा. एक पुढचा भाग वाचत असे आणि दुसरा त्याच्या मागोमाग. आपल्या कपाटातले भाग दोघांना पाठ होते, फक्त मधलं कळल्याशिवाय शेवट कळू नये म्हणून शेवटाला कोणी हात लावला नव्हता; पण अधलेमधले कळल्यावर तेही पुन्हा वाचल्याशिवाय चैन पडेना. मात्र तात्यांना अण्णा पुढे गेलेले खपेनात आणि अण्णांना तात्यांनी पाठ धरलेली खपेना. निरोप सदूमार्फत जात.

"त्या गृहस्थाला विचार, पाचवा भाग उशाला घेऊन झोपतो काय?" तात्या विचारत.

"त्या गृहस्थाला सांग, समजून वाचणाऱ्याला वेळ लागतो," अण्णा कळवत, आणि मुद्दाम आणखी दोन दिवस पुस्तक ठेवून घेत.

दोन्ही बाकांवरची माणसंही सरकत सरकत मधल्या बाकावर येऊ लागली. शेवटी तात्यांनी तीन दिवसांत दोन भाग उडवून अण्णांना गाठलं, आणि नववा भाग अण्णांच्या हातात असताना ते रोज दारात येऊन उभे राहू लागले.

आणि मग एका दुपारी अण्णा नववा भाग घेऊन आले ते धापा टाकतच. "सदू! पुढचं कुठंय? राजकन्येला साप चावतो, वीरभद्र झोळीत हात घालून म्हणतो, 'घाबरू नकोस, हे घे—' आणि पुस्तक खलास!"

सदूने पुस्तक हातात घेतलं, उघडी शिवण पाहिली, आणि या खेपेला नीट पाहिली. शिवण उसवली नव्हती. कापली होती.

"कोयता," तात्या दारातून एकदम म्हणाले. बोलले सदूशी, पण ऐकलं अण्णांनीही. "नववा एकटा उरला होता. पंच म्हणाले, कोणाला द्यावा? तेव्हा नारळ सोलायचा कोयता आणवला आणि मधोमध... पुढचं अर्धं माझ्याकडे होतं. मीच दिलंय ते इथे."

तात्यांचं एक बिनपुठ्ठ्याचं, बिननावाचं चोपडं सदूला आठवलं. लेखक नाही, नाव नाही. त्याने पहिली ओळ वाचली होती, '...सुंठ, गूळ, ओवा व नारळाचे दूध एकत्र उकळून', आणि पुढचं न वाचताच कार्डावर विषय लिहून टाकला होता. बडोद्याच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पहिल्या ओळीवर भुलू नका, आत शिरा.

त्याने खण ओढून विषयाची कार्डं चाळली. 'वैद्यक. अनामिक. औषधी पाठ.' पुस्तक बाहेर गेलेलं. नेणारे, रामचंद्र वैद्य.

सदू पुढे, अण्णा आणि तात्या मागे, दोघांमध्ये अंतर राखून, अशी मिरवणूक वैद्यांच्या ओटीवर पोचली. ओटीवर केसर कोळीण पितळी फुलपात्रातून काहीतरी पीत बसली होती.

"काय झालं गं केसर?" सदूने विचारलं.

"प्वाट दुखत व्हता कालपासून. वैद्यबुवांचा काढा पिला नि गप झाला बघा. चव पन बरी हाय, खिरीवानी!"

वैद्यबुवा प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. सदूने भीत भीत चोपडं मागितलं.

"अपूर्व ग्रंथ!" वैद्यबुवा म्हणाले. "असा पाठ माझ्या वडिलांच्याही पोथीत नाही. लागू पडतो हो."

"बुवा, ती कादंबरी आहे."

"काहीतरीच काय! औषध आहे त्यात."

"आणि राजकन्या? ती दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की. तो रुग्णाचा दाखला. मोठे ग्रंथकार दाखले देतात."

"अन् पुढे घोड्यावरून पाठलाग आहे, तो?"

वैद्यबुवांनी क्षणभर विचार केला. "ते पथ्य. औषध घेतल्यावर रपेट करावी."

तात्यांनी तोंडावर उपरणं धरलं. अण्णांचे खांदे हलू लागले. सदूला मात्र रडावं की हसावं कळेना. काढ्याचा पाठ वेगळ्या कागदावर उतरवून देण्याच्या बोलीवर वैद्यबुवांनी चोपडं परत केलं, तेही केसरचं फुलपात्र पुन्हा भरून झाल्यावर.

वाचनालयात परतल्यावर नवीच पंचाईत. चोपडं एक, वाचणारे दोन, आणि कोणी कोणाला आधी देईना.

"मी मोठा आहे," अण्णा सदूला म्हणाले.

"अर्धं माझं आहे," तात्या सदूला म्हणाले.

निरोप वाहून वाहून सदू विटला होता. त्याने दोन्ही तुकडे मधल्या बाकावर ठेवले, दाभण आणि दोरा घेतला, आणि दोघांच्या देखत ते एकत्र शिवले. जाड कागदाचा पुठ्ठा लावला. मग म्हणाला, "आता हे एक पुस्तक आहे. ते इथून बाहेर जाणार नाही. ज्याला ऐकायचं त्याने बसावं." आपण माडखारकरांना दरडावून बोललो हे त्याच्या नंतर ध्यानात आलं आणि त्याचे कान तापले. पण दोघेही मुकाट बसले होते, बाकाच्या दोन टोकांना.

सदू वाचू लागला. राजकन्या काढा पिऊन उठली. पाठलाग झाला. कमळगुहेचं दार उघडलं. गावची माणसं खिडकीत गोळा झाली. शेवटचं पान आलं, आणि सदूचा आवाज उतरला. वीरभद्र अंथरुणात उठून बसला होता. गुहा नाही, मगर नाही, एकही बायको नाही. सारं स्वप्न होतं.

तात्यांनी पुस्तक ओढून घेतलं आणि मागे आणखी पान आहे का ते उलटून पाहिलं.

"नऊ भाग!" अखेर तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नऊ भाग वाचून घेतले आणि म्हणतो स्वप्न! अण्णा, हा लेखक लबाड आहे."

"लबाड? दरोडेखोर आहे, नरहरी," अण्णा म्हणाले. "एवढी मगर घातली पुस्तकात, ती काय फुकट?"

आपण एकमेकांशी बोललो हे दोघांच्याही लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता आणि राग फार होता. संध्याकाळपर्यंत ते त्या लेखकाला एकमताने शिव्या देत बसले. कपाटांबद्दल पुढे कोणी अवाक्षर काढलं नाही. वार्षिक सभेत 'ग्रंथ आहेत तसेच राहावेत' हा ठराव दोघांच्याही हात वर करण्याने पास झाला.

सदूने नवव्या भागाचं नवं कार्ड लिहिलं. दात्यांची नावं अक्षरक्रमाने घातली, नरहरी माडखारकर, नारायण माडखारकर. अण्णांनी ते पाहिलं आणि भुवई वर गेली. "धाकटा आधी?"

"नकाराला काना नंतर लागतो, अण्णा."

"अस्सं," अण्णा म्हणाले, पण चिडले नाहीत. फक्त पुढच्या आठवडाभर कोणाही भेटलेल्याला ते सांगत होते की आपल्या नावात एक काना जास्त आहे.

विहिरीचा दावा मात्र चालूच राहिला. पुढच्या तारखेला दोघे एकाच दमणीतून गेले, बैलांना त्रास नको म्हणून. परत आल्यावर गाडीवान विठोबा वाचनालयात येऊन सदूला सांगू लागला, "काय सांगू सदूभाऊ! वाटभर दोघं त्या गोष्टीचा नवा शेवट जुळवत व्हते. अण्णा म्हनं मगर जिवंत ठेवायची, तात्या म्हनं मारायची. चौलच्या चढावर मला गाडी थांबवाया लावली. कोर्टात पोचलो तवर पुकारा होऊन गेला व्हता."

"मग?"

"मग काय, पुढची तारीख. दोघं खूष. म्हनं बरं झालं, मगरीचं अजून ठरायचं हाय."

सदू पोट धरून हसला. मग शाई घेतली, नवं कोरं कार्ड समोर ओढलं, आणि पुढच्या पुस्तकाचं पहिलं पान सोडून देऊन ते मधूनच वाचायला लागला.