भोकाच्या लाद्या

एक्क्याण्णव साली डोंबिवलीतल्या एका सहकारी बँकेत पहिला मोठा कॉम्प्युटर आला. त्याची खोली गार ठेवायचं डिझाइन माझं. एकटीचं! आमच्या एसी कंपनीचे साहेब, उत्तमराव, म्हणाले होते, "शीला, हे नीट झालं तर ठाण्याच्या शाखेचं कामही तुझं. नाहीतर दौलत आहेच."

दौलत म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. मला 'फ्रिजवाली' म्हणायचा मेला.

डिझाइन साधं होतं. पोकळ जमिनीखालून गार वारा सोडायचा आणि तो मशीनपुढच्या भोकाच्या लाद्यांतून वर येणार. उद्घाटनाला चेअरमनसाहेबांनी त्याच खोलीत सत्यनारायण घातला, तोही मशीन चालू ठेवून. मी दारात उभी, नजर भिंतीवरच्या थर्मामीटरवर. पारा चोविसावर होता, कथा सुरू झाली तसा सव्वीस, मग अठ्ठावीस. बत्तीसला मशीन आपोआप बंद पडणार होतं.

पाइप तपासले, पंखा तपासला, सगळं ठीक. दौलत कानाशी पुटपुटला, "काय मॅडम, गॅस भरायचा राहिला का?"

"गप रे!"

तेवढ्यात खाली लक्ष गेलं. सतरंजी! भटजींनी सगळ्यांना बसायला भलीमोठी सतरंजी अंथरली होती, नेमकी माझ्या भोकाच्या लाद्यांवर. वर पंधरा माणसं मांडी घालून.

उत्तमरावांना गाठलं. ते म्हणाले, "वेडी आहेस का? कथेतून कुणाला उठवतात? दोनच अध्याय राहिलेत."

"पारा तिसावर आलाय, साहेब."

"देवाचं नाव घे."

माझं डोकंच फिरलं. दोन अध्याय! तेवढ्यात मशीन बंद पडलं असतं आणि जन्मभर सगळे म्हणाले असते, बाईनं केलेलं ना ते. मी सरळ आत गेले. "सगळ्यांनी उठा! सतरंजी काढायचीय. आत्ता!"

भटजी वाक्याच्या मध्येच थांबले. चेअरमनीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या चोळीत झुरळच सोडलंय. पण उठले सगळे, बडबडत का होईना. मी सतरंजी ओढली आणि वारा भसकन वर आला. पदर उडाले, अक्षता उडाल्या, आणि चौरंगाजवळची समई फट्‌दिशी विझली.

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं.

पारा उतरायला लागला होता. एवढा मोठा वारा, माझा वारा! मला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसंही.

जेवणाच्या वेळी उत्तमराव आले. "काम चोख झालंय. पण ठाण्याला दौलतच जाईल. चेअरमनसाहेब म्हणतात, अपशकुनी बाई नको."

"आणि मशीन बंद पडलं असतं तर?"

"तर तुझं डिझाइन चुकलं, असं म्हटलं असतं," ते म्हणाले आणि प्रसादाचा द्रोण पुढे केला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? घेतला.