एका शब्दापुढे एकच अर्थ

राग मला आधी माझाच आला. चीनमधल्या यिवू शहरात तीस वर्षं मी इंग्रजी शिकवतो, तेही एकाच पद्धतीने: वहीत इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे एकच चिनी अर्थ, आणि सकाळी नदीकाठी उभं राहून मोठ्याने घोकंपट्टी. आमच्या पिढीत नवऱ्याला किंवा बायकोला 'प्रेमाचं माणूस' म्हणायची रीत होती. त्याला वहीत मी 'लव्हर' लिहून दिलं. माझ्या सरांनी मला तेच दिलं होतं.

चू यानमेई हॉटेलात खोल्या साफ करते. वय चव्वेचाळीस. रोजच्या चौदा खोल्यांनी तिची कंबर पार कामातून गेली आहे. रिसेप्शनवर बसून करायची, इंग्रजी लागणारी जागा निघाली, तेव्हा तिने चार महिन्यांत माझी अख्खी वही पाठ केली.

मुलाखतीहून ती थेट वर्गात आली.

"सर, मी काय वाईट बोलले?"

"विचारलं काय त्यांनी?"

"एवढे कष्ट कशासाठी करता, म्हणून. मी म्हटलं, माझा लव्हर तीन वर्षं बिछान्यात आहे, त्याच्यासाठी. तर सगळे पोट धरून हसले. अर्धांगवायू झालाय हो त्याला. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

इंग्रजीत 'लव्हर' म्हणजे लग्नाबाहेरचा यार, असं मी सांगितलं, तसे तिचे कान लाल झाले. ती वही दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ती वही घेऊन हॉटेलात गेलो. मॅनेजर पांग देझी माझाच जुना विद्यार्थी. त्याने लगेच चहा मागवला.

"चहा राहू दे. चूक माझी आहे, तिची नाही. हे पान बघ आणि तिला पुन्हा बोलाव."

त्याने पान बघितलंही नाही. "ठाऊक आहे हो, सर. मीही तुमच्याकडेच शिकलो की. नवऱ्याबद्दल बोलतेय हे मला लगेच कळलं. त्याच्या आजारपणात फळं घेऊन मीच गेलो होतो."

"मग हसलास कशाला?"

"मुलाखत घेणारे परदेशी साहेब हसले ना. मी एकटा गप्प बसलो असतो तर बरं दिसलं असतं का?"

"साहेबाला सांगायचंस."

"भर मुलाखतीत त्यांना शिकवायचं? काहीतरीच काय सर. आणि आता जागाही भरली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीचे अर्थ मी कित्येकांना दिले असतील, ते उद्यापासून खोडून काढता येतील. याला मात्र अर्थ बरोबर कळला होता.

"पांग," मी उठत म्हटलं, "यापुढे मला सर म्हणू नकोस."