पूर्वेच्या फांदीचे तोर

शके १९०९, चैत्र वद्य पक्ष. इसवी सन १९८७, एप्रिल महिन्याची एकोणिसावी तारीख, रविवार. स्थळ पेडणे तालुक्यातील मांद्रे गाव, माझ्या घराचे परसू. त्या दिवशी सकाळी मी परसातल्या आंब्याची कच्ची फळे उतरवली आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी मिठात घातली. कच्च्या आंब्याला आमच्याकडे तोर म्हणतात, आणि ज्या मोठ्या चिनी बरणीत ते मुरवतात तिला बुयांव. चार महिने मासळी नाही, भाजी नाही; तेव्हा पेजेच्या ताटात हे तोरच असते.

हे काम एकट्याचे नव्हे. झाडावर झेला, म्हणजे फळे उतरवायची जाळीची काठी, मी धरी आणि बरणी भरी माझी धाकटी बहीण देवकी. तिचे सासर डिचोलीला. तरी लग्नानंतरची अठरा वर्षे ती त्या एका दिवसासाठी येत राहिली. पूर्वेच्या फांदीचे तोर ती सर्वांत वर रचत असे, कारण ते तिचे आवडते. आणि परत जाताना आपला वाटा घेऊन जाई.

त्या वर्षी ती आली नाही. कारण मी होतो.

आदल्या भाऊबीजेला तिचा नवरा बाबली माझ्याशी राजभाषेवरून वाद घालत बसला होता. मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून, मराठीच्या बाजूचा; तो खाणीवरचा हिशेबनीस, कोकणीच्या बाजूचा. वस्तुतः दोघांचीही घरातली बोली एकच, आणि भांडलो तेही तिच्यातच.

"दादानू," तो हसत म्हणाला, "रातचां सपनात वरडतास, तां खंयच्या भाशेन?"

बायका हसल्या. मला ते हसणे लागले. बोली निराळी आणि ग्रंथभाषा निराळी, हा मुद्दा मी चांगला मांडू शकलो असतो. आजही मांडू शकेन. त्याऐवजी मी म्हणालो, "ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठेवू नकात."

तो उठला. देवकीने ओवाळणीचे ताट खाली ठेवले. "ते येवचे नाय, तर मिया कशी येव?" एवढेच बोलून ती त्याच्यामागून गेली.

म्हणून त्या रविवारी बरणी मी भरली. पत्नी सुमंगला म्हणाली, "वन्संक चिठी धाडा. तेंचो हात नाय तर ह्या वर्षी रवांदे." मी मानले नाही. मिठाचे प्रमाण मला ठाऊक होते. प्रत्येक फळ देठासकट पुसून, सावलीत सुकवून मी थरावर थर लावले. केवळ पूर्वेच्या फांदीपाशी झेला पुरेना. ती फांदी हलवली तेव्हा तिच्यावरचे एकुलते तोर निसटले आणि जमिनीवर पडले.

"तां बाजूक काढा," सुमंगला म्हणाली. "पडलेलां बुयांवात घालीत नाय."

"डाग दाखव."

"डाग आताच दिसता काय?"

"जो दिसत नाही तो आहे असे कशावरून?"

"तुमच्याशी बोलान कोण जिंकलो?" असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मी ते फळ दोनदा उजेडात फिरवून पाहिले. साल अखंड होती. ते वगळले तर देवकीच्या वाट्याला तिच्या फांदीचे काहीच उरत नव्हते. मी ते सर्वांत वर ठेवले, मिठाचा शेवटचा थर दिला, फडके घालून वर नदीतला धोंडा ठेवला आणि तोंड बांधले.

तीस मे रोजी गोवा घटकराज्य झाले. गावात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. आज बरणी घेऊन डिचोलीला जावे, असे मनात आले होते. पण आधी बाबलीने यावे, मग मी जाईन, असा मी स्वतःशी न्याय केला आणि घरीच राहिलो.

बाबली श्रावणात आला. पाऊस कोसळत होता, आणि तो पागोळ्यांखाली, उंबऱ्याबाहेर उभा होता.

"भितर या," मी म्हणालो.

"नाय, दादानू. सांगलेलां विसराक नाय." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "देवकीक इस्पितळातसून घरी धाडल्यानी. पोटात गाठ आसा. आता काय करूक येना म्हणतत. पेज गळ्याखाली उतरना. कुळाराचां, ह्या म्हायेरच्या परसातलां तोर आसतां तर दोन घास गेले आसते म्हणता. एक दिल्यात तरी पुरे."

सुमंगला बरणीकडे धावली. मी तिला थांबवले. भर पावसात तोंड उघडू नये, आणि देवकीचा मान म्हणून ती तिच्यासमोरच उघडावी. मी आख्खी बरणी उचलली. म्हापशापर्यंत एका बसने आणि तिथून दुसऱ्या बसने आम्ही गेलो. बरणी कधी माझ्या मांडीवर, कधी त्याच्या. थांब्यांवर तो छत्री बरणीवर धरी आणि स्वतः भिजे. पावसाळ्यात खनिजाचे ट्रक बंद असल्यामुळे डिचोलीचा रस्ता मोकळा होता; तरी तो मला संपेना.

देवकी माजघरात पडून होती. हात काठीसारखे झाले होते. मला पाहून ती हसली. "दोघे एकाच बशीन इल्यात?" मग बरणीकडे पाहून तिने विचारले, "माझ्या खांदयेचां आसा मरे?"

"सर्वांत वर आहे," मी म्हणालो.

बाबलीने तिला टेकवून बसवले, पेजेची वाटी जवळ आणली. मी दोरी सोडली, धोंडा काढला, फडके उचलले. वास खोलीभर पसरला. खारावर पांढरी साय धरली होती. मी हात घालून वरचे तोर काढले, ते बोटांतच फाटले. खालचे काढले, मग त्याच्या खालचे. कोपरापर्यंत हात बुडवला. कुठेही घट्ट फळ लागले नाही.

बाबलीने पेजेची वाटी खाली ठेवली.

देवकीने हात पुढे केला. मी ते पहिले तोर तिच्या तळहातावर ठेवले. तिने अंगठ्याने त्याची साल चाचपली, एका बाजूला बोट थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. रागावली नव्हती. लहानपणी, धाकटी असूनही, माझी पाटी तपासताना जशी पाहायची, तशीच पाहत होती.

"दादा, पडलेलां तोर घातलंस," ती म्हणाली. "सगळो बुयांव गेलो."